कॅमेरा चालू आहे, ताई! अंध सखी, मोबाईल आणि सगळ्यांचं खासगीपण



वाळूज, रांजणगाव, जोगेश्वरी, पंढरपूर या भागातल्या बैठकांमध्ये अलीकडे एक प्रश्न कानावर येतो. गटातल्या एखाद्या सखीला दिसत नाही किंवा खूप कमी दिसतं. ती बैठकीत मोबाईल समोर धरते आणि मोबाईल तिला वाचून दाखवतो. बाकीच्या जणी मात्र पदर सावरून बसतात. "ही आपलं शूटिंग तर करत नाही ना? हे फोटो जातात कुठं?" अशी कुजबुज होते. मग एखादा गट सरळ नियमच करतो, की बैठकीत सगळ्यांचे मोबाईल बंद.

नियम सगळ्यांना सारखा वाटतो. पण तुमचा मोबाईल तासभर बंद राहिला तर तुमचं फारसं अडत नाही. तिचं मात्र वाचणंच बंद होतं. समोरच्या रजिस्टरवर काय लिहिलंय हे तिला परत दुसऱ्याला विचारावं लागतं.

तुमची शंकाही चुकीची नाही. कॅमेरा म्हटलं की विचारायलाच पाहिजे. म्हणून हा कॅमेरा काय काम करतो, फोटो कुठं जातो आणि गटानं काय ठरवावं, हे आज नीट समजून घेऊ.

आधी तिची बाजू

समजा, तुमच्या नावाचं पत्र दर वेळी आधी शेजारीण वाचते. पासबुकात किती पैसे आहेत ते दिराला माहीत, आणि तुम्हाला तो सांगेल तेवढंच. घाटीतून आणलेला रिपोर्ट मुलगा वाचतो, पण त्यात बाईचं दुखणं असलं की लाजून अर्धंच सांगतो. ओटीपी आला की मोबाईल कुणाच्या तरी हातात द्यायचा. दिवस गेलेत का हे बघायची पट्टी घरी आणली, तरी तिच्यावरच्या रेघा आधी दुसऱ्यानं बघायच्या.

अंध बाई रोज अशी जगते. आपण म्हणतो, झाकली मूठ सव्वा लाखाची. तिची मूठ रोज कुणीतरी उघडून बघतं. मदत म्हणूनच बघतं, पण बघतं. २०११ च्या जनगणनेत आपल्या महाराष्ट्रात दृष्टीचं अपंगत्व असलेल्या साडेपाच लाखांहून जास्त व्यक्तींची नोंद झाली होती. यातल्या कितीजणी आपलं पासबुक स्वतः वाचू शकत असतील, याचा विचार करा.

आपण म्हणतो, कॅमेऱ्यामुळे खासगीपण जातं. ते खरंच आहे. पण तिच्या बाबतीत दुसरी बाजूही आहे. तिचं खासगीपण आधीच गेलेलं होतं, आणि मोबाईलच्या कॅमेऱ्यानं त्यातलं थोडं तिला परत दिलंय. दार लावून, कानात इयरफोन घालून ती आपला रिपोर्ट आपण ऐकू शकते. हे लक्षात ठेवलं की पुढचं सगळं सोपं जातं.

चार मिलिमीटरची गोष्ट

कॅमेऱ्याची गरज का पडते, हे नोटेवरून चटकन कळतं. पूर्वी अंध माणसं बोटांनी मापून नोट ओळखायची. जुनी शंभराची नोट १५७ मिलिमीटर लांब होती आणि पाचशेची १६७, म्हणजे एक सेंटिमीटरचा फरक. नोव्हेंबर २०१६ मध्ये नोटबंदी झाली आणि पुढे नव्या नोटा लहान आकारात आल्या. आताची दोनशेची नोट १४६ मिलिमीटर लांब आहे आणि पाचशेची १५०. फरक फक्त चार मिलिमीटरचा. रुंदी दोन्हींची सारखीच, ६६ मिलिमीटर. ओळखण्यासाठी उंचवट्याच्या खुणा आहेत, शंभराला त्रिकोण आणि पाचशेला गोल. पण नोट दहा हातांतून फिरली, घामानं भिजली, की या खुणा झिजतात. आठवडी बाजारात मेथीच्या जुड्या विकताना, गिऱ्हाईक घाई करत असताना, चार मिलिमीटर कसे मोजायचे?

मुंबईच्या नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड, म्हणजे 'नॅब', या संस्थेनं हा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयात नेला. नव्या नोटा आणि नाणी हातानं ओळखता येत नाहीत, असं त्यांचं म्हणणं होतं. २०१९ च्या सुनावणीत न्यायालयानं रिझर्व्ह बँकेला विचारलं, की नोटांचे आकार सारखे बदलायची गरज काय? त्यानंतर १ जानेवारी २०२० ला रिझर्व्ह बँकेनं 'मनी' नावाचं ॲप आणलं. मोबाईलचा कॅमेरा नोटेवर धरला की ती किती रुपयांची आहे ते फोन बोलून सांगतो. ॲप फुकट आहे. नोट खरी की खोटी हे मात्र ते सांगत नाही, एवढं लक्षात असू द्या.

आपल्या विषयासाठी यातली एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. 'मनी' एकदा फोनमध्ये घेतलं की नेट नसतानाही चालतं. नोट ओळखायचं काम फोनच्या आतच होतं, त्यासाठी फोटो बाहेर कुठं पाठवावा लागत नाही. म्हणजे कॅमेरा आहे, पण उंबरा ओलांडून काही जात नाही. सगळी ॲप अशी नसतात.

फोटो कुठं जातो? तीन रस्ते

अंध सखी कोणतं ॲप वापरते यापेक्षा तिनं काढलेला फोटो कोण बघतं, हे विचारायला हवं. याचे तीन रस्ते आहेत.

*पहिला रस्ता: फोटो फोनमध्येच राहतो.* 'मनी' या प्रकारातलं. काही ॲपमधली छापील अक्षरं वाचायची सोयही अशी असते. ओळखायचं कसं? मोबाईलचा डेटा आणि वायफाय बंद करा आणि ॲप चालवून बघा. तरीही वाचून दाखवलं, तर वाचण्याचं काम फोन स्वतः करतोय. त्यातल्या त्यात हा रस्ता सगळ्यात सुरक्षित.

*दुसरा रस्ता: फोटो नेटवरून कंपनीच्या कॉम्प्युटरकडे जातो.* "समोर काय आहे?" असं विचारलं की, "समोर टेबल आहे, त्यावर स्टीलचा डबा आहे, शेजारी निळ्या साडीतली बाई बसली आहे," असं सविस्तर उत्तर येतं. हे काम जड असतं, म्हणून फोटो बाहेर पाठवला जातो आणि तिकडची कृत्रिम बुद्धिमत्ता, म्हणजे एआय, उत्तर देते. मायक्रोसॉफ्टचं 'सीइंग एआय' २०१७ मध्ये आयफोनवर आलं आणि डिसेंबर २०२३ पासून आपल्या साध्या अँड्रॉइड फोनवरही मिळतं. गुगलचं 'लुकआउट' पण आहे. या ॲपमध्ये काही कामं फोनमध्ये होतात, काही बाहेर. फोटो किती दिवस ठेवतात, एआयला शिकवायला वापरतात का, हे प्रत्येक ॲपच्या अटींमध्ये लिहिलेलं असतं. आणखी एक सांगते. एआय कधीकधी चुकीचंही ठामपणे सांगतं. औषधाची गोळी आणि सही करायचा कागद फक्त एआयच्या भरवशावर सोडू नका.

*तिसरा रस्ता: जिवंत माणूस बघतो.* 'बी माय आइज' हे ॲप डेन्मार्कमधल्या हान्स योर्गेन विबर्ग यांच्या कल्पनेतून २०१५ मध्ये सुरू झालं. त्यांना स्वतःला कमी दिसतं. यात अंध व्यक्ती व्हिडिओ कॉल लावते आणि जगात कुठंतरी बसलेला स्वयंसेवक तिच्या कॅमेऱ्यातून बघून सांगतो, "हे दुधाचं पाकीट आहे, तारीख अमुक." फार चांगली मदत आहे. २०२३ पासून त्यात एआयची सोयही आली, ती मात्र दुसऱ्या रस्त्यात धरा. फक्त व्हिडिओ कॉलवर बघणारा माणूस अनोळखी असतो, हे विसरायचं नाही. दुधाचं पाकीट त्याला दाखवायला हरकत नाही. आधार, एटीएम कार्ड, पिन, अंगावरची जखम हे दाखवू नये.

सोपा हिशोब असा, की वस्तू जेवढी खासगी, तेवढा फोटोचा रस्ता जवळचा. पीठ की रवा हे कुणालाही विचारा. पासबुक पहिल्या रस्त्यानं वाचा, नाहीतर ज्या माणसावर तिचा स्वतःचा विश्वास आहे त्याच्याकडून वाचून घ्या. तो माणूस कोण, हे तिनं ठरवायचं, घरच्यांनी नाही.

तिला न दिसणारंही फोटोत येतं

आपण फोटो काढतो तेव्हा मागं काय आहे ते आपल्याला दिसतं. तिला ते दिसत नाही. तिला फक्त गोळ्यांच्या पाकिटावरचं नाव वाचायचं असतं, पण फोटोत शेजारी पडलेलं आधार कार्ड येतं, मागच्या दोरीवरचे कपडे येतात, आंघोळ करून आलेलं नातवंड येतं.

अमेरिकेतल्या संशोधकांनी २०१९ मध्ये अंध व्यक्तींनी मदत मागण्यासाठी काढलेले फोटो तपासले. त्यात माणसांचे चेहरे, बँकेची कार्डं, औषधांच्या बाटल्यांवरची नावं, कॉम्प्युटरचे पडदे, आलेली पत्रं, गरोदरपणाच्या चाचणीच्या पट्ट्या असं सगळं सापडलं. काही गोष्टी चुकून आलेल्या होत्या. काही मुद्दाम दाखवलेल्या होत्या, कारण तेच तर वाचून हवं होतं.

म्हणून ज्या सख्या असं ॲप वापरतात, त्यांच्यासाठी आणि त्यांना शिकवणाऱ्यांसाठी या काही सवयी:

१. वाचायचा कागद रिकाम्या टेबलावर किंवा पाटावर ठेवा. बाकीचे कागद आधी आवरा. आजूबाजूला काय आहे ते हातानं चाचपून घ्या.

२. कोपर टेबलावर टेकवून मोबाईल कागदावर साधारण वीतभर-दीड वीत उंच धरा. मोबाईल खाली बघत असला की माणसं फोटोत येत नाहीत.

३. ॲप कॅमेऱ्याची परवानगी मागतं तेव्हा "ॲप वापरताना" किंवा "फक्त या वेळी" हाच पर्याय निवडा.

४. काम झालं की फोटो काढून टाका. गॅलरीतून डिलीट केलेला फोटो काही दिवस ट्रॅशमध्ये पडून असतो. तिथूनही काढा.

५. एका कानात इयरफोन ठेवा. टॉकबॅक चालू असला की मोबाईल सगळं मोठ्यानं बोलतो, शिल्लक रक्कमसुद्धा. रस्त्यानं चालताना मात्र दोन्ही कान मोकळे हवेत.

६. आधारची प्रत द्यायची असेल तर 'मास्क्ड आधार' वापरा. त्यात फक्त शेवटचे चार आकडे दिसतात.

आणि आपली बाजू?

तिला वाचायचा हक्क आहे. आपल्याला न विचारता फोटो न काढला जाण्याचा हक्क आहे. दोन्ही हक्क एकाच सतरंजीवर बसवायचे आहेत.

यासाठी दोन शब्द वेगळे करा, 'बघणं' आणि 'साठवणं'. तुम्ही बैठकीत मला बघता, त्याला मी हरकत घेत नाही. तिचा मोबाईल रजिस्टर बघून वाचतो, तेही तसंच. पण माझा फोटो साठवून ठेवला, कुणाला पाठवला, स्टेटसला लावला, तर मला विचारलंच पाहिजे. खरं सांगायचं तर हा त्रास अंध सखीच्या मोबाईलपेक्षा डोळस माणसांच्या मोबाईलमुळे जास्त होतो. बैठकीचा फोटो काढून लगेच चार व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकताना आपण कितीजणींना विचारतो? कर्जाच्या कामासाठी मागवलेले आधारचे फोटो ग्रुपवर महिनोन्महिने पडून असतात. तिच्या मोबाईलवर बंदी आणायच्या आधी हेही बघू या.

आपल्या एमआयडीसीत कामाला जाणाऱ्या सख्यांना माहीत आहे, काही कंपन्यांच्या गेटवर मोबाईलच्या कॅमेऱ्यावर स्टिकर लावतात. तिथं ते ठीक आहे, कारण तिथं कॅमेरा ही कामाची गरज नसते. अंध कामगाराच्या मोबाईलवर स्टिकर लावणं म्हणजे चष्म्यावर स्टिकर लावण्यासारखं आहे. तिथं वेगळी सोय बोलून ठरवावी लागते. आपल्या गटातही तसंच.

आता कॅमेऱ्याचे चष्मेही आलेत. रे-बॅन मेटा नावाचे चष्मे मे २०२५ पासून भारतात मिळतात. त्यात फोटो किंवा शूटिंग चालू असलं की फ्रेमवर एक बारका दिवा लागतो, म्हणजे समोरच्याला कळावं. खास अंध व्यक्तींसाठी कॅमेरा असलेले चष्मे भारतातही तयार होतात. उद्या तुमच्या बैठकीत असा चष्मा दिसला तर घाबरू नका आणि गप्पही बसू नका. सरळ विचारा, "ताई, हे वाचतंय का साठवतंय?"

कायदा काय म्हणतो

खासगीपण हा मूलभूत हक्क आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमतानं दिला. हा हक्क तुमचा आहे तसाच अंध सखीचाही आहे.

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ मधलं कलम १३ प्रत्येक गटानं वाचावं असं मला वाटतं. दिव्यांग व्यक्तीला मालमत्ता, स्वतःचे पैशाचे व्यवहार आणि बँकेचं कर्ज यांचा इतरांइतकाच हक्क आहे, असं ते सांगतं. मदत करणाऱ्यानं दबाव आणायचा नाही, तिचा निर्णय, तिचा मान आणि तिचं खासगीपण जपायचं, हेही त्यात आहे. म्हणजे पासबुक वाचून देणाऱ्या आपल्या प्रत्येकीवर हा कायदा जबाबदारी टाकतो. रिझर्व्ह बँकेनंही २००८ मध्येच बँकांना सांगितलंय, की चेकबुक, एटीएम, लॉकर या सोयी अंध ग्राहकाला नाकारायच्या नाहीत.

बँकेच्या केवायसीत कॅमेऱ्याची उलटी अडचण येते. मोबाईलवर केवायसी करताना "डोळे मिचकावा", "चेहरा चौकटीत आणा" असं सांगतात. अंध व्यक्तीनं ते कसं करायचं? अंध असलेले अमर जैन यांनी आणि ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या प्रज्ञा प्रसून यांनी हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात नेला. ३० एप्रिल २०२५ ला न्यायालयानं केवायसी सगळ्यांना जमेल अशी करा, म्हणून वीस निर्देश दिले. त्यामुळे बँक सखींनो, "तुमचा चेहरा घेत नाही, नंतर या," असं म्हणून कुणाला परत पाठवू नका. दुसरा मार्ग द्यायला बँकेला सांगा.

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झाले आणि ते टप्प्याटप्प्यानं लागू होतायत. घरगुती, स्वतःच्या कामासाठी फोटो वापरणारी व्यक्ती या कायद्यात येत नाही. संस्थेनं सभासदांची माहिती मोबाईल-कॉम्प्युटरवर गोळा केली, तर कशासाठी घेतोय ते सांगून संमती घेणं ही सर्वसाधारण रीत राहील. ग्रामसंघानं आतापासून ही सवय लावलेली बरी.

कुणी तुमच्या खासगी अवयवांचा फोटो परवानगीशिवाय काढला किंवा पसरवला, तर माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-ई खाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. पैशाची ऑनलाइन फसवणूक झाली तर १९३० या नंबरवर लगेच फोन करा.

गटानं काय ठरवावं

बंदी घालणं सोपं असतं, पण त्यानं एकीचं वाचणं जातं. त्याऐवजी पुढच्या बैठकीत चर्चा करून असा ठराव लिहा. शब्द तुमचे वापरा.

"आमच्या गटात ज्या सखीला दिसत नाही किंवा कमी दिसतं, ती वाचण्यासाठी मोबाईलचा कॅमेरा वापरू शकेल. कॅमेरा सुरू करण्याआधी ती 'कॅमेरा चालू आहे' असं सांगेल. समोर कोण आहे, काय आहे हे शेजारी बसलेली सखी तिला सांगेल. कुणी बाळाला पाजत असेल, कुणाच्या घरच्या भांडणाचं किंवा दुखण्याचं बोलणं चालू असेल, तर कॅमेरा थोडा वेळ खाली राहील. बैठकीतला फोटो कुणीही, डोळस असो की अंध, विचारल्याशिवाय पुढं पाठवणार नाही. आधार आणि पासबुकाचे फोटो काम झाल्यावर ग्रुपवरून काढले जातील."

यातलं तिसरं वाक्य मला सगळ्यात मोलाचं वाटतं. "ताई, कॅमेरा जरा डावीकडं घे, समोर पोरगी बाळाला पाजतीय," एवढं एक वाक्य शेजारणीनं बोललं की दोघींचं खासगीपण राहतं. कोणत्याही ॲपला हे जमत नाही, गटाला जमतं.

आणखी एक. गटाचा हिशोब हा उघडा हिशोब असतो. कुणी किती कर्ज घेतलं, किती फेडलं, हे सगळ्यांसमोर वाचलं जातं आणि तसंच वाचलं गेलं पाहिजे. त्यात लपवण्यासारखं काही नाही. अंध सखीलाही तो हिशोब स्वतः तपासता आला पाहिजे, दुसऱ्यानं सांगितलेला ऐकून अंगठा देणं म्हणजे तपासणं नव्हे. तिचं घरचं पत्र, तिचा रिपोर्ट, तिचा ओटीपी मात्र तिचाच. तो वाचायला तिनं कुणाला बोलवायचं, की दार लावून मोबाईलला विचारायचं, हे ती ठरवेल.

तुमच्या गटात अशी सखी असेल तर बैठकीआधी तिच्याकडं जाऊन एवढंच विचारा: "तुला काय वाचायला अडचण येते, आणि कोणतं वाचताना आम्ही जवळ नको असतो?" उत्तर ऐकून मग ठराव लिहा. ठराव झाला की त्याची एक प्रत ग्रामसंघात द्या, म्हणजे शेजारच्या गटांनाही दाखवता येईल.